रात्रीची हाक आणि सुईणीची साक्ष



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली सारी वकिली, ज्यांना वकील परवडत नव्हता अशा माणसांसाठी केली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून कायद्याबद्दल बोलायचे तर ते कायद्याच्या दारात सर्वांत शेवटी पोचणाऱ्या माणसापासून सुरू करावे, असे मला वाटले. म्हणून आज मी सुईणीबद्दल बोलणार आहे. तिच्या कसबाबद्दल बोलेनच, पण मुख्यतः बोलणार आहे ते तिच्या वाटेबद्दल. घरातून निघून अडलेल्या बाईपर्यंत पोचेतो ती ज्या अंधारातून जाते, त्या वाटेबद्दल आणि त्या वाटेवर तिचे काही बरेवाईट झाले तर तिच्या शब्दाला कोर्टात काय किंमत मिळते, त्याबद्दल.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. एखाद्या माणसाने हाक आल्यावर नाही म्हणू नये, अशी अपेक्षा समाज करत असेल, तर त्या माणसाच्या वाटेची जबाबदारीही समाजानेच घेतली पाहिजे. सुईणीच्या बाबतीत जगाने ही अपेक्षा पूर्ण वसूल केली आणि जबाबदारी मात्र टाळली. पाचशे वर्षांच्या नोंदी हेच सांगतात.

खोटा निरोप

युरोपातल्या जुन्या गुन्हेगारी खटल्यांमध्ये एक प्रकार असा आढळतो. रात्री दारावर थाप पडते. बाहेर उभा असलेला माणूस सांगतो, माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या आहेत, लवकर चला. सुईण अंगावर जाड वस्त्र घेते, आपली पिशवी उचलते आणि त्याच्यामागून निघते. वस्ती संपते. शेत लागते, नाहीतर आडबाजूची गल्ली. तिथे त्याचे साथीदार थांबलेले असतात, किंवा तो एकटाच पुरेसा असतो. तिच्याजवळचे पैसे, बोटातली अंगठी, अंगावरचे कपडे काढून घेतले जातात. प्रसूत होणारी बाई मुळात नसतेच.

या गुन्ह्यामागचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. चोराला कुलूप फोडावे लागत नाही, भिंत चढावी लागत नाही, भर रस्त्यात कोणाला अडवावे लागत नाही. बाई स्वतःच दार उघडून बाहेर येते. वेळ चोर ठरवतो, वाट चोर ठरवतो. तिने जास्त प्रश्न विचारले तर तिचीच चूक ठरते, कारण तिकडे एक बाई अडली आहे आणि ही मात्र दारात चौकशा करत बसली आहे. सावकार रात्री दार उघडायला नकार देऊ शकतो. कापडाचा व्यापारी सकाळी या म्हणू शकतो. ज्या थोड्या धंद्यांत रात्रीची हाक हाच धंद्याचा गाभा असतो, त्यांत सुईण येते. लुटारूने तिच्या भोळेपणाचा नव्हे, तिच्या कर्तव्याचा फायदा घेतला. भोळ्या माणसाला शहाणे करता येते. कर्तव्याला बांधलेल्या माणसाला शहाणपण शिकवून काय उपयोग? पुढच्या रात्री पुन्हा थाप पडली की तिला पुन्हा उठावेच लागते.

तिच्याजवळ चोरण्यासारखे काय असणार, असा प्रश्न कोणी विचारील. इंग्लंडमध्ये बाळाच्या नामकरणाच्या वेळी धर्माचे आईबाप आणि पाहुणे सुईणीच्या हातावर पैसे ठेवत. त्यामुळे चांगला जम बसलेल्या सुईणीकडे रोख रक्कम असे. शिवाय त्या काळात कापड महाग होते. एक चांगला झगा किंवा अंगरखा गहाणवट्याकडे सहज खपत असे. लंडनच्या कोर्टाच्या नोंदींत कपड्यांच्या चोऱ्यांचा सुकाळ आहे तो त्यामुळेच.

फिर्याद करायची म्हणजे

आता ही लुटलेली बाई न्याय मागायला निघाली, तर तिच्यापुढे काय वाढून ठेवलेले असे?

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे छापील वृत्तांत 1674 पासून निघू लागले आणि 1913 पर्यंत निघत राहिले. सुरुवातीला ती रस्त्यावर विकली जाणारी, थोड्या पानांची चटपटीत पत्रके होती. 1679 मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवले की महापौरांच्या परवानगीनेच ती छापावीत. पुढे त्यांना जवळजवळ अधिकृत नोंदींचे रूप आले. जवळपास दोन लाख खटल्यांचा हा ऐवज आज कोणालाही वाचता येतो. सामान्य माणसाचे बोलणे एवढ्या मोठ्या प्रमाणात टिपून ठेवणारे दुसरे जुने साधन जगात क्वचितच असेल.

त्यातून जे दिसते ते असे. 1829 पर्यंत लंडनला आज आपण समजतो तसे पोलीसदल नव्हते. रात्री पहारेकरी फिरत, पण त्यांच्या भरवशावर कोणी बाहेर पडत नसे. रस्त्यावर दिवे थोडे आणि तेही रात्रभर जळतील याची खात्री नाही. ऐपत असलेला माणूस पैसे देऊन मशालवाला मुलगा पुढे चालवी. सुईणीला मशाल मिळे ती निरोप्याच्या हातातली, आणि निरोप्याच चोर असला तर मशालही चोराचीच.

गुन्हा झाल्यावर तपास करायचा तो लुटल्या गेलेल्या माणसाने. चोर शोधायचा, तो पकडवून न्यायाधीशासमोर उभा करायचा, फिर्याद चालवण्याची हमी लिहून द्यायची, कागदपत्रांचा खर्च सोसायचा आणि ठरलेल्या सत्रात साक्षीदार घेऊन हजर राहायचे. गरीब फिर्यादीचा खर्च कोर्टाने भरून द्यावा, अशी तरतूद 1752 मध्ये झाली. त्याआधी जे काही व्हायचे ते पदरमोड करूनच. दिवसभर कोर्टात खोळंबलेल्या सुईणीचे त्या दिवशीचे बाळंतपण दुसरीकडे जाई, हा तोटा वेगळाच.

राजमार्गावरच्या लुटीला फाशीची शिक्षा होती. 1692 च्या कायद्याने वाटमाऱ्याला दोषी ठरवून देणाऱ्याला 40 पौंडांचे बक्षीसही ठेवले होते. वरवर पाहता हे फिर्यादीच्या सोयीचे वाटेल. पण याचे दोन परिणाम झाले. बक्षिसाच्या आशेने खोट्या फिर्यादी होऊ लागल्या, तेव्हा खऱ्या फिर्यादीकडेही पंच संशयाने पाहू लागले. आणि शिक्षा इतकी कठोर होती की पुष्कळदा पंचांनाच ती द्यायला जड जाई. मग ते मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवत, लहान गुन्हा कबूल धरत आणि आरोपीचा जीव वाचवत. बारा पुरुष पंच, बहुतेक खटले अर्ध्या-पाऊण तासात निकालात. त्या अर्ध्या तासात एका बाईने सांगायचे की अंधारात, ओळख नसलेल्या वाटेवर, मी याच माणसाला पाहिले. आणि तिला पहिला प्रश्न हाच विचारला जाणार: तू अनोळखी माणसाबरोबर एवढ्या रात्री गेलीस कशी?

या प्रश्नाचे उत्तर तिच्या धंद्यातच आहे. ती गेली, कारण जाणे हेच तिचे काम होते.

बार्न्सबाईंची जबानी

फसवून नेलेल्या सुईणीची इंग्लंडमधली सर्वांत गाजलेली कथा मात्र पैशांच्या लुटीची नाही. ती त्याहून भयंकर आहे. त्या कथेचे पुढे लोकांनी काय केले, हे पाहिले तर सुईणीच्या शब्दाची किंमत नेमकी कळते. म्हणून तिथे थोडे थांबू.

सोळाव्या शतकात, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, केनेट नदीच्या खोऱ्यात हंगरफर्ड गावाजवळ लिटलकोट नावाचा वाडा होता. मालक विल्यम डॅरेल. भांडखोर, कज्जेदलालीत बुडालेला, बदफैली म्हणून ओळखला जाणारा जमीनदार. लोक त्याला रानटी डॅरेल म्हणत. तिथून काही मैलांवरच्या ग्रेट शेफर्ड गावात बार्न्सबाई नावाची सुईण राहत होती.

मरणाच्या अंथरुणावर असताना तिने एका मॅजिस्ट्रेटसमोर जबानी दिली. काही वर्षांपूर्वी, 1575 च्या सुमारास, रात्री घोड्यावरून माणसे तिला न्यायला आली. निरोप प्रतिष्ठित घरचा म्हणून सांगितला गेला. तिला एका मोठ्या वाड्यात नेले. खोलीत कळा देणारी एक बाई होती आणि तिचा चेहरा झाकलेला होता. शेजारी घरधनी उभा. त्याने बजावले: बाईची सुखरूप सुटका झाली तर भरघोस बक्षीस मिळेल, ती दगावली तर तुझा जीव जाईल. मूल जन्मले. पलीकडे शेकोटी धडाडून पेटलेली होती. त्या माणसाने हुकूम केला, मूल आगीत टाक. बार्न्सबाई गयावया करू लागली. मूल मला द्या, मी माझे म्हणून वाढवते, असे तिने विनवले. तिचे काही चालले नाही. मूल आगीत गेले.

जबानीत एवढेच आहे. तिने वाड्याचे नाव सांगितले नाही, घरधन्याचे नाव सांगितले नाही, बाई कोण तेही सांगितले नाही. जे तिला माहीत होते ते तिने सांगितले. जे माहीत नव्हते ते सांगितले नाही. माझ्या मते कोणत्याही कोर्टाने साक्षीदाराकडून यापेक्षा जास्त काही मागू नये.

पण लोकांना एवढ्यावर समाधान नव्हते. पुढच्या शंभर-दोनशे वर्षांत या कथेला नवनवे तपशील चिकटत गेले. सतराव्या शतकात जॉन ऑब्री या चरित्रकाराने ती टिपून ठेवली. 1813 मध्ये वॉल्टर स्कॉटने आपल्या 'रोकबी' या काव्याच्या टिपांमध्ये तिचे सविस्तर रूप दिले. या नव्या कथेत सुईणीचे डोळे बांधलेले असतात. ती हुशारीने जिन्याच्या पायऱ्या मोजते. पलंगाच्या पडद्याचा तुकडा गुपचूप कापून आणते. पुढे पायऱ्यांची संख्या जुळते, पडद्यातले भोक जुळते आणि डॅरेल पकडला जातो. मग जॉन पॉपम नावाचा न्यायाधीश लिटलकोटची इस्टेट लाच म्हणून घेऊन त्याला सोडून देतो, आणि शेवटी डॅरेल घोड्यावरून पडून मरतो.

यातले बरेचसे तारखांना टिकत नाही. डॅरेल 1589 मध्ये वारला. पॉपम सरन्यायाधीश झाला तो 1592 मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. इस्टेट पॉपमकडे गेली हे खरे, पण तो न्यायासनावर बसून डॅरेलला सोडवू शकलाच नसता. डोळ्यांवरची पट्टी, पायऱ्या, पडद्याचा तुकडा, यांपैकी काहीही मूळ जबानीत नाही.

तरीही आधार आहे, आणि तो वेगळ्याच ठिकाणी सापडला. 1879 मध्ये लाँगलीटच्या वाड्यातल्या जुन्या कागदांत एक पत्र मिळाले. चार्ल्टनच्या सर हेन्री निव्हेट याने जानेवारी 1579 मध्ये सर जॉन थिन याला ते लिहिले होते. त्यात विनंती अशी: आपल्याकडच्या बॉनम यांनी आपल्या बहिणीकडे चौकशी करावी, की विल डॅरेलच्या घरी तिला कसे वागवले गेले, तिला किती मुले झाली आणि त्यांचे काय झाले, कारण एका मुलाच्या खुनाची बोलवा वाढत चालली आहे. म्हणजे बार्न्सबाईने जे नाव घेतले नाही, त्या नावाभोवतीचा संशय त्या काळच्या बड्या लोकांच्याही कानी पोचला होता. पत्रे गेली, चौकशीच्या गोष्टी झाल्या. डॅरेलला शिक्षा झाली नाही.

आता सांगा, लोकांनी पायऱ्या आणि पडद्याचा तुकडा का जोडला? एका गावठी सुईणीने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सांगितले, मरताना सांगितले, तिला त्यातून काही मिळणार नव्हते. तरी तिचा शब्द पुरेसा वाटला नाही. तिच्या हाती कापडाचा तुकडा दिल्यावरच ती विश्वासार्ह झाली. आणि त्या भरात तिने खरोखर जे केले ते मागे पडले. मालकाने जीव घेण्याची धमकी दिलेली असताना तिने त्या मुलाचे आयुष्य मागून घेण्याचा प्रयत्न केला, ही या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. पायऱ्या मोजण्यापेक्षा ती कितीतरी मोठी आहे.

शपथ एकाच बाजूची

बार्न्सबाईच्या काळात इंग्लंडमध्ये सुईणींना परवाना देण्याचे काम धर्मसंस्थेकडे होते. 1567 मध्ये एलिनॉर पीड नावाच्या सुईणीने कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या परवान्यासाठी घेतलेली शपथ उपलब्ध आहे. गरीब असो की श्रीमंत, अडलेल्या बाईच्या मदतीला मी तत्पर राहीन. मुलाचा खरा बाप सोडून दुसऱ्याचे नाव कोणाला लावू देणार नाही. मूल बदलू देणार नाही. कोणाच्याही मुलाचा जीव घेऊ देणार नाही, त्याला इजा होऊ देणार नाही. जादूटोणा करणार नाही. अशा अर्थाची ही शपथ आहे.

सतराव्या शतकातल्या शपथेच्या एका मजकुरात याहून पुढचे कलम येते. कोणत्याही बाईचे बाळंतपण लपूनछपून होऊ देऊ नये. दोन-तीन प्रामाणिक बायका हजर असाव्यात आणि दोन-तीन दिवे नेहमी तयार ठेवलेले असावेत.

हे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. ते लिहिणाऱ्यांना धोका कुठे आहे ते ठाऊक होते. बाळंतपणाच्या खोलीत चार बायका आणि चार दिवे असले की तिथे खून होत नाही, मूल बदलले जात नाही आणि सुईणीवर नसता आळ येत नाही. त्या काळी शेजारणी, मावशा, मैत्रिणी जमून बाळंतपण पार पाडत. तीच सुईणीची ढाल होती. लिटलकोटच्या खोलीत ती ढाल मुद्दाम काढून घेतली होती. बाईचा चेहरा झाकलेला, शेजारीण एकही नाही, आणि खोलीतला सर्वांत मोठा प्रकाश म्हणजे ती शेकोटी.

पण हेही पाहा. दिव्यांची अट खोलीपुरती होती, वाटेवर नव्हती. शपथ सुईणीने घ्यायची. गरिबाकडेही जाईन, हे तिने बोलायचे. तिला नेणाऱ्याने मात्र कोणतीही शपथ घ्यायची नाही. खोटा निरोप देऊन सुईणीला बाहेर काढू नये, असे कोणाकडून वदवून घेतलेले नाही. परवाना देणाऱ्यांनी तिच्याकडून वचने घेतली. तिला कोणतेही वचन दिले नाही.

हे बदलू पाहणारी एक सुईण लंडनमध्ये होऊन गेली. तिचे नाव एलिझाबेथ सेलियर. ती कॅथलिक होती आणि त्या काळच्या राजकीय कारस्थानांच्या गदारोळात सापडली. जून 1680 मध्ये तिच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. तिने स्वतःचा बचाव स्वतः केला आणि ती निर्दोष सुटली. मग तिने तुरुंगातल्या छळाबद्दल पुस्तिका लिहिली, तेव्हा बदनामीच्या आरोपाखाली तिला पुन्हा खेचले. या वेळी 1,000 पौंडांचा दंड आणि तीनदा खोड्यात उभे राहण्याची शिक्षा झाली. एवढे होऊनही 1687 मध्ये तिने राजाला योजना सादर केली, की सुईणींचे स्वतःचे मंडळ असावे, त्यांना रीतसर शिक्षण मिळावे आणि टाकलेल्या मुलांसाठी रुग्णालय उभे राहावे. ती योजना कागदावरच राहिली. सुईणी संघटित झाल्या असत्या, तर एकट्या सुईणीच्या मागे उभे राहणारे कोणीतरी असते.

हवी तेव्हा साक्ष

समाजाने सुईणीवर कधीच विश्वास ठेवला नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कायद्याला गरज लागली की तिच्या शब्दावर माणसाचे जगणे-मरणे ठरे. फाशीची शिक्षा झालेली बाई म्हणाली, मी गरोदर आहे, तर बायकांचे पंचमंडळ तिला तपासत असे. त्यात सुईणी असत. पोटात मूल हालते आहे, असे त्या म्हणाल्या की फाशी थांबे. 1624 च्या इंग्रजी कायद्यात अविवाहित आईने बाळाचा मृत्यू लपवला तर तो खूनच समजायचा, असे ठरले. जवळजवळ दोन शतके, 1803 पर्यंत, हा कायदा टिकला. अशा खटल्यांत मूल पूर्ण दिवसांचे होते का, ते जिवंत जन्मले होते का, हे सांगायला सुईणीलाच बोलावले जाई.

अटलांटिकच्या पलीकडे, आजच्या मेन राज्यातल्या हॅलोवेल गावी मार्था बॅलर्ड ही सुईण 1785 पासून 1812 पर्यंत दररोज रोजनिशी लिहीत होती. त्या काळात तिने 816 बाळंतपणे केली. एका बाळंतपणाची नेहमीची फी सहा शिलिंग. लॉरेल थॅचर अल्रिक या इतिहासकार बाईंनी 1990 मध्ये त्या रोजनिशीवर ग्रंथ लिहिला आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

1789 च्या एप्रिलमधली एक नोंद पाहा. पाऊस, केनेबेक नदीला आलेला लोंढा, पलीकडे अडलेली बाई. मार्था नदी ओलांडते, पुढे घोड्यावरून निघते. अचानक एक मोठे झाड तिच्यासमोर मुळासकट उन्मळून पडते. घोडा बिचकून मागे सरतो म्हणून ती वाचते. ती हे दोन-तीन वाक्यांत लिहिते, देवाचे आभार मानते आणि पुढच्या ओढ्याकडे वळते. तक्रारीचा एक शब्द नाही.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये तिने पाउनलबरोच्या कोर्टात साक्ष दिली. रिबेका फॉस्टर या धर्मोपदेशकाच्या पत्नीने आरोप केला होता की नवरा परगावी असताना तिच्यावर बलात्कार झाला. आरोपी होता जोसेफ नॉर्थ, गावातला मोठा माणूस आणि स्वतः न्यायाधीश. रिबेकाने आधीच हे मार्थाला सांगून ठेवले होते. मार्थाने कोर्टात जाऊन तसे सांगितले. नॉर्थ निर्दोष सुटला.

तिथल्या रिवाजाप्रमाणे अविवाहित आईला कळा चालू असताना सुईण बापाचे नाव विचारी, आणि ते नाव कोर्ट खरे धरत असे. याच मार्थाला 1791 मध्ये एका मुलीने कळांच्या भरात मार्थाच्याच मुलाचे नाव सांगितले, आणि मार्थाने ते जसेच्या तसे लिहून ठेवले. म्हणजे पोटगी कोणी द्यायची हे ठरवायला सुईणीचा शब्द पुरेसा होता. न्यायाधीशावरचा आरोप सिद्ध करायला तोच शब्द पुरेसा नव्हता.

आपल्याकडची वाट

हे सगळे दूरदेशीचे झाले. आपल्याकडे काय?

महाराष्ट्राच्या खेड्यांत पुष्कळ ठिकाणी मांग किंवा न्हावी समाजातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सुईणपण केले. लुगडे, खण, नारळ, सूपभर धान्य हा त्यांचा मोबदला. ज्या घरात एरवी ओसरीच्या पुढे पाऊल टाकू दिले नसते, त्या घराच्या बाळंतिणीच्या खोलीत त्यांना रात्री-बेरात्री नेले जाई. मूल जन्मले, वार पडली, नाळ कापून झाली, की विटाळाची सारी कामे त्यांनीच करायची आणि मग आंघोळ करून घरी जायचे. हाक नाकारण्याची सोय त्यांना इंग्लंडमधल्या सुईणीइतकीही नव्हती, कारण इथे धंद्याच्या बांधिलकीवर जातीची सक्तीही होती.

बाळंतपणातली गुप्तता किती भयंकर असू शकते हे लिटलकोटने दाखवले. ती गुप्तता जीव वाचवण्यासाठीही वापरता येते, हे पुण्याने दाखवले. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतला. जगापासून त्या बाईचा चेहरा लपलेला राहिला, पण आत सावित्रीबाई होत्या. दार बंद असण्यापेक्षा, बंद दाराआड कोण आहे हे महत्त्वाचे, हे या घराने शिकवले.

बाहेरचे जग ते शिकले नाही. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या अर्भकाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. त्या खटल्यावरच्या निर्लज्ज चर्चेने संतापून ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये पुण्यात 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध केले. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाई उभी. मुलाचा बाप कुठेच नाही. त्या खटल्यातली ही विषमता पाहून एका मराठी बाईने लेखणी हाती घेतली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

आजचा निरोप

आज बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण हाक थांबलेली नाही. 2005 पासून आशा कार्यकर्त्या कामाला लागल्या. महाराष्ट्रात त्या सत्तर हजारांच्या आसपास आहेत. पगारी नोकर नव्हे, स्वयंसेविका, म्हणून मोबदला कामाप्रमाणे. गरोदर बाईची नोंद, तपासण्या, लसी आणि वेळ आली की तिला दवाखान्यात पोचवणे. मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या पाड्यांत ही वेळ दिवसाचे घड्याळ पाहून येत नाही. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आशांचा गौरव केला. गौरव झाला ते चांगलेच झाले. पण एकटीने रात्री निघालेल्या बाईला गौरवपत्राचा उजेड पडत नाही.

काम करणारी बाई कामामुळेच संकटात येते, तेव्हा कोर्टात काय होते, हे आपण राजस्थानात पाहिले. भंवरी देवी या सरकारी योजनेतल्या साथिनीने बालविवाह रोखायचा प्रयत्न केला. तेच तिचे काम होते. 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना त्या आरोपातून सोडले. पण तिच्या प्रकरणातून स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1997 मध्ये विशाखा निकाल आला. त्यातून 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. एका खेडवळ बाईच्या शब्दाला खालच्या कोर्टाने किंमत दिली नाही, तरी तिच्यामागे संघटना उभी राहिली म्हणून सगळ्या देशातल्या नोकरदार बायकांना संरक्षण मिळाले. एलिझाबेथ सेलियरला सुईणींची संघटना का हवी होती, त्याचे उत्तर इथे आहे.

तेव्हा माझे मागणे साधे आहे, आणि ते मी इथे बसलेल्या प्रत्येकाकडे करतो. रात्री आशाला किंवा परिचारिकेला बोलावणारा कोण, कुठून, कोणत्या नंबरावरून, याची नोंद झाली पाहिजे आणि ती गावातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी पोचली पाहिजे. ती एकटी निघता कामा नये. वाहन आणि सोबत हा तिचा हक्क ठरला पाहिजे, गावकऱ्यांचा उपकार नव्हे. रात्रीच्या फेरीचे पैसे वेगळे आणि वेळेवर मिळाले पाहिजेत. आणि वाटेत तिला काही झाले, तर 'तू गेलीसच कशाला?' हा प्रश्न पोलीस ठाण्यात, घरात, वर्तमानपत्रात, कुठेही विचारला जाता कामा नये. ती गेली, कारण आपण तिला बोलावले.

प्रत्येक गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते. तिला वर्षाला 10,000 रुपयांचा मुक्त निधी ठरलेला आहे. तो निधी कशावर खर्च झाला, रात्रीच्या सोबतीची काय व्यवस्था आहे, बोलावण्याची नोंद कोण ठेवते, हे पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा. एका गावाने विचारले तर सरपंच दुर्लक्ष करील. तालुक्यातल्या वीस गावांनी विचारले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागेल. ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो, त्यांनी आयुष्यभर गरिबांना हेच शिकवले: हक्क कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला असला तरी तो मागितल्याशिवाय मिळत नाही. आशाताईंसाठी तो आपण सगळ्यांनी मिळून मागू या.